झटकलेला सदरा

डिंगोरे, मंगळवार, ११ फेब्रुवारी

पुण्याला जाऊन यांच्या गाठीचा रिपोर्ट आणला. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, हे माहीतच होतं. गाठीतली प्रथिनं तेवढी तपासायची होती. यांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "ही प्रथिनं अशी दिसली की दिवस बहुधा कमी असतात. नक्की कुणीच सांगू शकत नाही." हे छपरांचे सिमेंटचे पत्रे कापायचे. त्यातली ॲस्बेस्टॉसची धूळ तीस वर्षं आत बसून होती म्हणे. गुपचूप.

तेव्हा रोज संध्याकाळी तो पांढराफटक सदरा दारात मीच झटकायचे. तोंडाला पदरही लावत नसे. कशाला लावेन?

घरी आल्यावर यांना सांगितलं, रिपोर्ट ठीक आहे. मग सवयीने दोरीवरचा सदरा काढला, झटकला. धुतलेला, स्वच्छ सदरा. तरी तिरक्या उन्हात काहीतरी पांढरं तरंगत राहिलं, खाली बसेचना. की मलाच दिसलं? मी खाकरले.

धुळीचं मी यांच्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. तरी ओट्यावरून यांचा आवाज आला, "सदरा ठिव खाली. पुढच्या खेपंला तुझ्या छातीचा बी फोटो काढू."