एक नागरिक म्हणे!

शनिवार, ८ ऑगस्ट १९७०

तुकडी मोडणार. सकाळी कमांडर थॉर्सननी सगळ्यांना हँगरमध्ये उभं करून सांगितलं. पुढच्या महिन्याची कवायत शेवटची. चोवीस वर्षं महिन्यातून एक शनिवार-रविवार ही माणसं इथं नौदलवाली होतात – एरवी कुणी न्हावी, कुणी मास्तर, थॉर्सन स्वतः विमा विकतात. कॅन्ससमध्ये नौदलाची विमानं! समुद्र हजार मैलांवर. लोक हसायचे. पण कोरियाच्या लढाईला बोलावलं तेव्हा गेले, बर्लिनच्या पेचाच्या वेळी गेले. आता म्हणे गरज नाही.

निरोपाला तुकडीचा इतिहास वाचणार. लेफ्टनंट पेटिबोन लिहितोय – शाळेत इतिहासच शिकवतो. माझ्या फळीवर कॉफी घ्यायला आला. "वेल्माबाई, तुमच्यावरही एक ओळ टाकतो." म्हटलं, माझं राहू दे, माझ्या नवऱ्याचं नीट लिही.

चमचा ढवळत बसला. साखर घेत नाही तो!

रविवार, ९ ऑगस्ट

पेटिबोनच्या हातातला कागद हिसकावून घेतला आणि वाचला. "१९५७ च्या पुरात वेढलेल्या शेतकऱ्यांसाठी ब्रेड व घोंगड्या टाकताना विमान तारांवर आदळून लेफ्टनंट ब्रँट व एक नागरिक मृत्युमुखी पडले."

एक नागरिक!

चौथीत शाळा सुटली माझी, पण एवढं वाचता येतं. आल्विन ड्रायलिंग. नऊ वर्षं याच तुकडीच्या इंजिनांत कोपरापर्यंत हात घालत होता.

पेटिबोन म्हणे, "नियम आहे हो. कवायत रविवारी चारला संपते. विमान त्यानंतर उडालं. ब्रँट कायम नोकरीतला, म्हणून तो धरला. आल्विन चारनंतर दूधगाडीवाला."

"मग दूधगाडीवाल्याला विमानात चढवलं कुणी?"

पेन खिशात घालून निघाला.

यांनीच चढवलं. तेरा वर्षं तोंडावर सांगतेय. त्याची गाडी फाटकाबाहेर सापडली, तोंड गावाकडे, जेवणाचा डबा सीटवर. डबासुद्धा हातात घेऊ दिला नाही मेल्यांनी! मी घरी कोबी-खिम्याचे पाव गरम करत बसलेली.

बुधवार, १२ ऑगस्ट

थॉर्सनच्या विम्याच्या ऑफिसात गेले. "नागरिक खोडा. नाव घाला." "वेल्मा, उकरून काय मिळणार तुला?" "नाव." "कागदावर हुकूमच नाही गं." "तोंडी दिलात! तुम्हीच तेव्हा म्हणालात, ठेवून घेतलं!" खिडकीबाहेर बघत राहिले. भित्रा माणूस.

गुरुवार, १३ ऑगस्ट

सोडणार नाही.

शनिवार, १२ सप्टेंबर

कॉफीची टाकी पेटवली नाही. दारावर पाटी लावली – "इथले सगळे नागरिक आज रजेवर."

आधी हसले. नऊपर्यंत चेहरे उतरले. भिंतीवर खुंट्यांना सगळ्यांचे कप. नौदलात कप धूत नाहीत, आतली काळी पुटं हाच मान. आल्विनचाही तिथंच. तेरा वर्षं त्याला पाणी लागू दिलं नाही मी.

होबार्ट रक आला – आल्विनचा जोडीदार, गावात न्हाव्याचं दुकान आहे त्याचं. "वहिनी, डोकं फुटायची वेळ आली."

"फुटू दे."

त्यानं आपला कप काढला, फळीवर पालथा ठेवला. मागोमाग दुसऱ्यानं. तिसऱ्यानं. दुपारी फळीवर जागा उरली नाही!

थॉर्सन आले. "हे बंड आहे, वेल्मा."

"बंड कसलं साहेब. तहान आहे."

होबार्टला बाजूला घेऊन किती वेळ कुजबुजले. होबार्ट नको-नको करत होता, शेवटी मान खाली घातली. संध्याकाळी पेटिबोननं सांगितलं – नाव घातलं.

टाकी पेटवली.

रविवार, १३ सप्टेंबर

वाचलं! सगळ्यांसमोर! "लेफ्टनंट ब्रँट आणि या तुकडीचा मेकॅनिक आल्विन ड्रायलिंग." *या तुकडीचा.* रडले नाही.

पण लगेच पुढं – "हुकूम नसताना, स्वतःहून गेला." स्वतःहून? खोटारडे! उठलेच होते मी. होबार्टनं दंड धरला. "वहिनी, बस. उद्या दुकानात ये. सांगतो."

सोमवार, १४ सप्टेंबर

होबार्टनं सांगितलं – त्या दिवशी आल्विन घरी निघाला होता. फाटकाबाहेर पडलासुद्धा. ब्रँट एकटाच पोती चढवताना दिसला, तशी गाडी तिथंच सोडून मागं पळाला. थॉर्सन "जा घरी" म्हणाले, ऐकलं नाही. वर चढताना ओरडला, "उशीर झाला तर वेल्माला सांगा, तुम्हीच ठेवून घेतलं! नाहीतर जीव घेईल माझा!"

थॉर्सननी मला तेच सांगितलं. तेरा वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्या.

आल्विनचा कप धुतला. थॉर्सनच्या ऑफिसात नेला, कॉफी ओतली, पुढ्यात ठेवली.