खव्याचा नमुना 'अ' संपल्याबाबत

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

मु. पो. तामलवाडी, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद
फाल्गुन वद्य, सन १९८५

ति. रेवणप्पा अण्णांच्या पायाशी धाकटा साडू वीरप्पा याचा शरणु-शरणार्थी नमस्कार.

इकडं आम्ही (म्हणजे मी, एक म्हैस आणि दूध संस्थेचं थर्मामीटर) बरे आहोत. तुमचा खोकला आणि चन्नम्मा अक्कांचा गुडघा कसा आहे ते कळवावं. हैदराबादेत नळाला पाणी येतं असं ऐकून समाधान वाटलं. इथं विहिरीत बादली सोडली की खालून फक्त आवाज वर येतो. टँकर येतो, पण त्याच्या मागं पळावं लागतं, आणि माझ्या वयाला व दूध परीक्षकाच्या हुद्द्याला ते शोभत नाही, म्हणून मी चालत जातो व उरलेलं गढूळ आणतो. आमची मंडळी, पार्वती, तुमच्याकडं येऊन राहिली आहे याबद्दल माझी काही तक्रार नाही. सख्ख्या बहिणीकडं माणूस जातंच. फक्त परत कधी येणार हे तिनं जाताना सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, एवढी एकच बाब शिल्लक आहे. प्रस्तुत पत्र त्या बाबीविषयी नसून शास्त्रीय आहे, आणि मी ते पूर्ण तटस्थपणे लिहीत आहे.

या प्रकरणाचं मूळ तुमच्यापाशी आहे, अण्णा. (दोष देत नाही, नोंद करतो.) मागच्या यात्रेला आलात तेव्हा आमच्या अंगणात बाजेवर बसून तुम्हीच तुमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या मास स्पेक्ट्रोमीटरची माहिती सांगितली. हा रेणूंचा काटा, पण पारडी नसलेला. रेणूला वीजभार द्यायचा, हवा काढून घेतलेल्या नळीतून पळवायचा आणि वाटेत चुंबक ठेवायचा. हलका रेणू चटकन वळतो, जड रेणू रुंद वळण घेतो, आणि कोण कसा वळला त्यावरून वजन कळतं. मी तिथल्या तिथं म्हणालो की हे तर नळदुर्गच्या वळणावरचे ट्रक झाले. रिकामा ट्रक आतल्या अंगानं वळतो आणि साखरेची पोती भरलेला पार कडेपर्यंत जातो. त्यावर तुम्ही म्हणालात, "वीरप्पा, हे आमच्या साहेबाला सुचलं नसतं." (हे वाक्य मी पुढं गावात बऱ्याच ठिकाणी सांगितलं. काही ठिकाणी दोनदा.) मी शाळेत सातवीपुढं गेलो नाही हे खरं, पण दुधाची डिग्री आणि फॅट मी पुस्तक वाचून शिकलो, आणि आजवर संस्थेत एका थेंबाची चूक काढायची कुणाची छाती झाली नाही.

मग गोष्ट दुधातल्या प्रथिनांवर आली. तुम्ही सांगितलं की केसीन हे प्रथिन जन्मापासूनच अंगावर फॉस्फेट घेऊन येतं, आणि दर फॉस्फेटामागं त्याचं वजन ऐंशीनं वाढतं. पुढं दूध तापवलं की दुधातली साखर जाऊन प्रथिनावरच्या लायसिन नावाच्या जागी चिकटते, तिथं वजन तीनशे चोवीसनं चढतं. आणखी आटवत गेलं की त्या चिकटलेल्या साखरेतूनच खव्याचा तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. तुमचं मशीन हे सगळं दाखवू शकतं. प्रथिन अख्खं पळत नाही, फार जड पडतं, म्हणून आधी पाचकरसानं त्याचे तुकडे करायचे, मग ग्लिसरीनमध्ये कालवून मशीनमध्ये ठेवायचे. ज्या लायसिनवर साखर बसली आहे तिथं तुकडा पडतच नाही, त्यामुळं तो जोडतुकडा लांब आणि भारी निघतो आणि लगेच ओळखू येतो. अण्णा, त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या घरातली कढई म्हणजे एक प्रयोगशाळा होती आणि इतकी वर्षं मी शेजारी बसून नुसता खवा खात होतो.

आता मुख्य घटना. दुष्काळामुळं दूध इतकं घटलं की शीतकेंद्राची गाडी आमच्याकडं वळेना, म्हणून चेअरमन तात्याराव यांनी संस्थेच्या आवारात खव्याची भट्टी घातली. खवा घोटण्याचं काम पार्वतीकडं आलं. तुळजापूरचे पेढेवाले सिद्धेश्वर अप्पा दुसऱ्या कुणाचा खवा घेईनात, हे मीही नाकारत नाही. तेव्हा वार्षिक सभेत तात्यारावांनी पार्वतीला पुढं बोलावून खण-नारळ दिला आणि म्हणाले, "संस्था तगली ती पार्वतम्माच्या हाताच्या गुणामुळं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. परंतु 'हाताचा गुण' हा शब्द चुकीचा होता. जाहीर सभेत चुकीची गोष्ट इतिवृत्तात जाऊ नये एवढ्याच हेतूनं मी उभा राहिलो आणि हात, गुण वगैरे काही नसून साखर, लायसिन आणि तापमान एवढ्याच गोष्टी असतात, तापमान पाळलं तर खवा कुणीही करील, असं थोडक्यात सांगितलं. (थोडक्यात म्हणजे ट्रकच्या उदाहरणासह.)

सभा शांतपणे ऐकत होती. पार्वती नारळ हातात धरून माझ्या शेजारीच उभी होती. बायकांच्या बाजूनं विठाबाई ओरडली, "मग उद्यापासनं त्या लायसनलाच बोलवा की भाऊजी उलथनं धरायला!" त्यावर जे हसू झालं ते शास्त्राला धरून नव्हतं. पार्वतीनं नारळ टेबलावर ठेवला आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरताना मी विचारलं, कुठं? तर म्हणाली, "अक्काकडं. इथं माझं काय काम हाय आता? थर्मामीटर हाय की." भांडण नाही, रडणं नाही. तिनं आवाज चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर माझ्यापाशी तयार होतं. ते अजूनही तसंच पडून आहे.

मग खवा मी घोटला. जाळ मोजून, थर्मामीटर कढईत धरून, घड्याळ समोर ठेवून, अगदी पुस्तकात हवं तसं. पदार्थ तयार झाला. तो खवा होता हे मी ठामपणे सांगतो, कारण दुधापासून आणि आटवूनच झाला होता. सिद्धेश्वर अप्पांनी तो बोटानं दाबला, दाबला गेला नाही, आणि त्यांनी पाटीसकट परत पाठवला. सोबत निरोप, "वीरप्पांना म्हणावं, ह्याचे पेढे नाय व्हायचे, पाटे-वरवंटे व्हतील." तात्याराव मला म्हणाले, "वीरप्पा, तुमचं मशीन हैदराबादला, तुमची मंडळी हैदराबादला, मग तुम्हीच इथं कशाला?" तात्याराव सभ्य गृहस्थ आहेत, त्यामुळं हा प्रश्न त्यांनी चारचौघांत विचारला नाही, फक्त संचालक मंडळासमोर विचारला.

तेव्हा मी ठरवलं की निवाडा मशीनकडूनच घ्यायचा. पार्वतीनं जाण्याआधी केलेल्या खव्याचा एक गोळा संस्थेच्या बर्फाच्या पेटीत राहिला होता, तो नमुना 'अ'. माझा तो नमुना 'ब'. दोन्ही घासून उकळून घेतलेल्या सारख्याच डब्यांत भरले. सोबत ग्लिसरीनची बाटली घेतली. (तुळजापूरच्या औषधवाल्यानं विचारलं, "टाचा फुटल्यात व्हय?" मी म्हणालो, प्रथिनासाठी आहे. त्यानं बाटली देताना हात लांब ठेवला.) डब्यांवर अक्षरं घालायला बसलो तर संस्थेतली लाल शाई संपलेली. मला नमुन्यांचे रंग वेगळे हवे होते. म्हणून 'ब' निळ्या शाईनं लिहिला आणि 'अ' साठी देवळीतलं कुंकू पाण्यात कालवून त्याचं अक्षर काढलं. अक्षर सुबक आलं होतं. नळदुर्गच्या ढाब्यावर जाऊन दोन्ही डबे आणि ती बाटली बसप्पा ड्रायव्हरच्या हवाली केली, कारण त्याचा ट्रक हैदराबादला जातो. वर निक्षून सांगितलं की डबे सांभाळून न्यायचे, हलवायचे नाहीत, उन्हात ठेवायचे नाहीत.

अण्णा, तुम्ही या भागातले आहात, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी मात्र ओळखलं नाही. तुळजापूरच्या बाजूनं आलेला डबा, आत खवा आणि वर कुंकू! माझी पाठ वळताच बसप्पानं चप्पल काढली, डब्याला हात जोडले आणि नमुना 'अ' ढाब्यावरच्या झाडून सगळ्यांना आईचा प्रसाद म्हणून वाटून टाकला. तो परत आल्यावर मी त्याला धारेवर धरलं, तर मलाच रागे भरला. "अय्यो, कुकू लावलेला डबा न वाटता गाडीत ठिवतं का कुणी? घाटात टायर फुटला असता म्हंजी? आन् परसाद बी काय व्हता मालक! दोन पंजाबी डायवर डबा चाटून गेले, पुना कधी येतोय म्हणून इचारत व्हते." मग 'ब' का नाही वाटला, असं मी केवळ शास्त्रीय जिज्ञासेनं विचारलं. तर म्हणे, ढाबेवाल्यानं डबा उघडून टिचकी मारली आणि पुन्हा झाकला. "त्यो म्हणला, ह्यो देवीचा न्हाय, ह्यो गाडीच्या पार्टचा माल हाय, पोचता कर."

मी या चाचणीचा निकाल मानत नाही. खाणाऱ्यांना एका डब्यावर कुंकू दिसत होतं, दुसऱ्यावर नाही, त्यामुळं मत कलुषित होणारच. शिवाय पंजाबी ड्रायव्हर ही अधिकृत संस्था नव्हे.

नमुना 'ब' मात्र तुमच्याकडं सुखरूप पोहोचला आणि बसप्पाच्या सांगण्याप्रमाणं तो तुमच्या हाती पडण्याआधी पार्वतीनंच उघडला. कण तोंडात टाकून म्हणाली, "थर्मामीटरकडं बघत बसले असतील. कढईकडं कोण बघणार?" इतकं बोलून ती हसली म्हणे. बसप्पाला मी दोनदा विचारलं, हसली म्हणजे कशी? तो म्हणाला, "हसल्या म्हंजी हसल्या, मालक, त्याला बी मशीन लावायचं का?" पुढं त्यानं असंही सांगितलं की ती तुमच्या घरी रोज थोडा खवा घोटते आणि तुमच्या गल्लीतल्या बायका वाटी घेऊन येतात.

तरी आता कार्यवाहीची विनंती अशी. नमुना 'ब' चे तुकडे करून मशीनला लावावेत. नमुना 'अ' साठी पार्वतीनं तिथं घोटलेला खवा घेऊ नये. म्हैस वेगळी, चारा वेगळा, पाणी वेगळं, तुलना होणार नाही. शास्त्राच्या दृष्टीनं तो तामलवाडीतच, आमच्याच कढईत तयार व्हायला हवा. त्याकरिता तिचं इथं येणं आवश्यक ठरतं. हे मी माझ्यासाठी म्हणत नाही.

एक शंका मात्र आहे, ती तुम्हालाच विचारतो. समजा मशीननं सांगितलं की दोन्ही खव्यांत साखर तितकीच, लायसिनच्या त्याच जागांवर, वजनं तीच, फरक काही नाही. म्हणजे सभेत मी बोललो ते खरं ठरलं. मग तो कागद घेऊन मी कुठं जाऊ? घरी दाखवायला कोण आहे? चार दिवस झाले, हा विचार डोक्यातून जात नाही. बाकी क्षेम.

आपला
वीरप्पा
(दूध परीक्षक, सहकारी दूध संस्था, तामलवाडी)

ता. क. ग्लिसरीनची बाटली मशीनला पुरून उरली तर परत पाठवू नये. अक्कांना टाचांसाठी द्यावी.

पुन्हा ता. क. मशीन रिकामं नसेल तर साहेबांकडं शब्द टाकू नका. नमुना 'ब' टाकून दिला तरी चालेल. कुत्र्याला घालू नये, दात जातील.

आणखी ता. क. तात्याराव तो खण-नारळ पुन्हा द्यायचं म्हणतात. मी त्या दिवशी सभेत नसेन, असं मी त्यांना लिहून दिलं आहे. ते म्हणाले, नसायचं नाही, यायचं आणि बसायचं. हे पार्वतीला सांगा. जाहीर सभेत तिच्या शेजारी उभं राहून मी जे बोललो ते शास्त्राला धरून होतं आणि चूक होतं. हेही सांगा. यात मला विसंगती दिसते, पण तसंच सांगा.

शेवटचं ता. क. तिचं यायचं मन नसेल तर मी येतो. समजावून काही सांगणार नाही. ती तिथं खवा घोटते, तर कढईखाली जाळ घालायला माणूस लागेल का, एवढं विचारा. तुमच्याकडं गॅस आहे हे मला ठाऊक आहे. तरी विचारा.