काय काय पाहिलं

वाडी, नागपूर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय मिनू,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडीची चाहूल लागली की तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, तसा कुरकुरतो आहे. दर शनिवारी तुला भेटायला निघते तेव्हा मात्र तो अजिबात दुखत नाही, असं ती सांगते. तू बरी असशील. आई म्हणाली, केस कापलेस. चांगले दिसतात म्हणाली, म्हणजे दिसतच असतील.

कागद पाहून हसू नकोस. मालाच्या बिल्टीचे जुने फॉर्म आहेत. ट्रान्सपोर्ट कंपनीचा फोन नंबर बदलला म्हणून रद्दीत निघाले, मागची बाजू कोरी आहे. टाइप करून पाठवलं असतं तर तुला वाचायला सोपं गेलं असतं, माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. पण तुझ्या कुठल्याही स्क्रीनवर मी उमटावं एवढा हक्क मला राहिला आहे असं वाटत नाही. कागद बरा. तो तुला न उघडता ठेवून देता येईल, फाडताही येईल.

एकवीस तारखेला तुझी आणि सुशीलची लग्नाची नोंदणी आहे हे आईकडून कळलं. मला बोलावणं नाही. त्यात तुझी काही चूक नाही. पंधरा महिने झाले तू घर सोडून, आणि मिहानला राहतेस म्हणजे घरापासून वीस किलोमीटरवर. इतक्या जवळ असलेल्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं. जेवायला बसलो की तुझ्या जागेकडे पाहायचं नाही असं ठरवतो, आणि पहिल्या घासालाच पाहतो.

तर, ऑफिसच्या गोष्टी सांगतो.

आज रविवार असून मी गोदामात आहे. विंडोज दहाचा आधार गेल्या महिन्यात संपला. मी आठ महिन्यांपासून बोंबलत होतो, पण आमच्या मालकांनी, गोपाळरावांनी, तारीख उलटल्यावर होकार दिला. आता चौसष्ट कॉम्प्युटर बदलून अकरावर न्यायचे आहेत. वाडीत सेहेचाळीस, गांधीबागच्या बुकिंग ऑफिसात अठरा. चौदा तर इतके म्हातारे की अकरा नंबर त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवतो, त्यांच्या जागी नवे घेतले. एक कॉम्प्युटर नीट सजवायचा, त्याची प्रत काढायची आणि नेटवर्कवरून तीच प्रत सगळ्यांवर उतरवायची. हे काम तू लहानपणी माझ्या मांडीवर बसून पाहिलेलं आहे. तेव्हा सीड्या होत्या आणि तू त्या बांगड्यांसारख्या हातात घालायचीस.

इथल्या बुकिंगवरच्या कवडूभाऊंचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बदलला. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं आहे त्यांना. सकाळी आले, खुर्चीत बसले आणि मला हाक मारली.

"मेश्राम, हे बटन मधात काहून आलं गा? कोपऱ्यात राहे ना!"

"नवीन आहे भाऊ. मधातच राहते आता."

"मले विचारलं होतं का कोनी?"

मी ते स्टार्टचं बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात सरकवून दिलं. तेवढ्यावर खूश होऊन त्यांनी दिवसभर माझी तारीफ केली. मग दुपारी त्यांचा बिल्टी छापायचा प्रिंटर बंद पडला. तो ठोकळा पंधरा वर्षांचा आहे, नव्या विंडोजला त्याची ओळखच पटेना. बाहेर सहा ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देत होते. अडीच तास लागले मला.

सात नंबरचा कॉम्प्युटर त्रेसष्ट टक्क्यांवर अडकला होता, पाहून आलो. चालू आहे. मीच लिहिण्याचं टाळतो आहे, मिनू. तुझ्या लक्षात आलंच असेल.

गेल्या सोमवारी गोपाळरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे भाड्याचे दर कोणीतरी दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोडतं असा त्यांना संशय आहे. म्हणाले, नाहीतरी सगळ्या कॉम्प्युटरवर एकच प्रत उतरणार आहे, तर तिच्यातच अशी सोय करा की मला केबिनमधून कोणाचाही स्क्रीन पाहता येईल आणि त्याला कळणार नाही.

तुला माहीत आहे, आमच्याकडे तसं चालत नाही. मी कोणाच्या कॉम्प्युटरला दुरून जोडलो की त्याच्या स्क्रीनवर आधी चौकोन येतो, प्रेमानंद मेश्राम यांना तुमचा स्क्रीन पाहायचा आहे, चालेल का? त्यानं होय दाबलं तरच मला दिसतं. हा नियम अकरा वर्षांपूर्वी मीच लावला, आणि नव्या माणसाला मी तो मोठ्या तोंडानं समजावून सांगतो.

मी "हो सेठ" म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. मूळ कॉम्प्युटरवर ती सेटिंग उघडली. एक टिचकी, आणि चौसष्ट माणसांना विचारणं बंद. मिनू, मी ती सेटिंग तशीच बंद केली. हीच टिचकी मी याआधी एकदा मारली होती, तुझ्या लॅपटॉपवर.

उठून परत केबिनमध्ये गेलो. म्हणालो, सेठ, हे मी करणार नाही.

"काहून? कंप्युटर माहा, लाइट माही, पगार माहा. मंग मी पाह्यलं त काय बिघडते?"

"बिघडते, सेठ. मी घरी करून पाह्यलं."

आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. दार उघडं होतं तरी सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले, मोठा माणूस असून त्यांना कुठं पाहावं कळेना. शेवटी म्हणाले, "हे पोरीले सांगतलं?"

"माफी मागतली तिची."

"माफीचं नाई विचारून राहिलो मी. आता मले जसं सांगतलं, तसं तिले सांगतलं का?"

"नाही."

"मंग मले काहून सांगतलं पयले?"

मी दाराकडे वळलो. तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या तो चौकोन. पन रेट कोन फोडते ते मले शोधून द्या, दुसऱ्या रस्त्यानं." तेवढं मी करीन. पण त्यांचा प्रश्न आठवडाभर डोक्यातून जात नाही. म्हणून आज बसलो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं मी ते कधी बोललो नाही. दुपारची जेवणाची सुट्टी होती. डबा समोर होता आणि मी तुझा स्क्रीन उघडून बसलो होतो. तुला नव्या नोकरीचे कागद चारच्या आत मिहानला पोचवायचे होते आणि घरचा प्रिंटर ढिम्म. तू सहा वेळा प्रिंट दाबलंस. प्रिंटची रांग अडकली आहे हे मला इथून स्वच्छ दिसत होतं. अठ्ठावीस वर्षं जे काम केलं ते डोळ्यांसमोर अडलेलं, आणि माझी पोरगी घायकुतीला आलेली. मला राहवलं नाही. माउस धरला, रांग थांबवली, अडकलेलं पुसलं, पुन्हा सुरू केली. वीस सेकंदांचं काम. ऑफिसात यासाठी लोक मला चहा पाजतात.

मग माझ्या लक्षात आलं, की तू माउसवरून हात काढून घेतला आहेस.

तू नोटपॅड उघडलंस आणि लिहिलंस, "बाबा?"

मी जोडणी तोडली. तुला तेवढंही उत्तर दिलं नाही. समोरच्या पोळीचा तुकडा हातात तसाच राहिला, पुढे मी तो डब्यात परत ठेवला.

संध्याकाळी तू विचारलंस, "काय काय पाह्यलं तुमी?" आणि मी म्हणालो, "काही नाही वं, एकदोन वेळा. काळजीपोटी." तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

मिनू, मी खोटं बोललो. एकदोन वेळा नाही. मार्चपासून ऑगस्टपर्यंत, जवळजवळ रोज.

काळजी खरी होती, तेवढं लिहू दे. सुशील काटोलकडचा, शेतीवाल्या पाटलांचा मुलगा. मिहानला विमानं दुरुस्त करतो हे नंतर कळलं. आधी मला एवढंच दिसलं, की त्या घरात आपलं आडनाव ऐकल्यावर तुझ्या ताटाचं, तुझ्या पाण्याच्या पेल्याचं काय होईल. माझ्या लहानपणी गावात मी जे पाहिलं ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला ते कधी लागू नये असं वाटायचं. तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. विचारायची भीती वाटली आणि पाहायची वाटली नाही, असा माझा स्वभाव निघाला.

तर काय काय पाहिलं. तुमचं भांडण पाहिलं, तो तीन दिवस बोलला नव्हता ते. विमानाच्या इंजिनात डोकं घातलेला त्याचा फोटो पाहिला. तू मध्येच एकटी बसून लहानपणीचे फोटो चाळतेस हे पाहिलं. त्याच्या आईला त्यानं तुझं आडनाव सांगितलं, त्या दोन दिवस गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "तिले ठेचा चालते का?" हे त्यानं तुला लिहिलेलं मी वाचलं, आणि इथे खुर्चीत एकटाच हसलो. कवडूभाऊंनी विचारलं, काय झालं? काय सांगणार? त्या दिवशी माझी काळजी संपली होती. पाहणं त्याच दिवशी थांबायला हवं होतं. थांबलं नाही. दुपारी तू दिसतेस याची सवय लागली होती.

एक राहिलं. ते या कागदावर उतरवायला मला सकाळपासून वेळ लागतो आहे.

तुझ्या लॅपटॉपवर "बाबांना" नावाची एक फाइल होती. ती मी वाचली. वाचली म्हणजे तू लिहीत असताना पाहिली, ओळ उमटताना आणि पुसली जाताना, जुलैत, अकरा दिवस. पहिल्या दिवशी नुसतं "बाबा" लिहून तू वीस मिनिटं थांबली होतीस. शेवटी जे राहिलं ते मला पाठ आहे. सुशीलला एकदा भेटाल का, असं विचारलं होतंस. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, त्यांत पहिली सही तुमची हवी, असं लिहिलं होतंस. आणि आईला नंतर सांगेन, आधी तुम्हाला.

रोज संध्याकाळी मला वाटायचं, आज पत्र देईल. तू दोनदा वाढता वाढता थांबलीस. माझ्या तोंडात "हो" तयार होतं. पण तू विचारण्याआधी ते बाहेर पडलं तर मला कसं कळलं हे तुला कळलं असतं. म्हणून मी तोंड आवळून, खाली मान घालून जेवायचो. तुला वाटलं, बाबा रागात आहेत. तू आईला तसं म्हणालीस, आईनं मला नंतर सांगितलं. मी रागात नव्हतो, बाळा. चोरी उघडी पडेल म्हणून गप्प होतो. माझ्या गप्प बसण्यानं तू ते पत्र दिलं नाहीस, आणि मग ती प्रिंट अडकली.

मध्ये एकदा मेट्रोनं मिहानजवळच्या खापरीला उतरलो होतो. सुटायच्या वेळी तू त्या बाजूनं येतेस हे आईच्या बोलण्यातून कळलं होतं. जिन्याशी दहा मिनिटं उभा राहिलो आणि तू यायच्या आत परतीची गाडी धरली. तेही लपून पाहणंच झालं असतं. पाहावंसं मात्र फार वाटलं.

तुझे तीन साक्षीदार ठरले आहेत असं आई म्हणाली. त्यातल्या कोणालाही बदलू नकोस. त्या दिवशी मी कामावर असेन. मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त तू मला जे विचारलं होतंस त्याचं उत्तर तुला मिळावं, एवढंच. भेटेन. सही करीन. तेव्हाही हो होतं आणि आजही हो आहे.

तुला पत्र लिहिताना खाली पूर्ण नाव लिहायची मला कधी गरज पडली नाही. आज त्या रजिस्टरात लिहिलं असतं तसं लिहितो.

तुझा बाबा,
प्रेमानंद बळीराम मेश्राम
वय ५४, राहणार इंदोरा, नागपूर
मुलीचे वडील