चौदा वह्या, एकच उत्तर

प्रिय जयदेव,

तुझी चार आठवड्यांची बिस्किटं संपली. आता रोज फोन करून 'ताई, पोट कसं आहे?' विचारणं बंद कर. एवढी विचारपूस तू माझ्या बाळंतपणातही केली नव्हतीस.

बदलापूरच्या आमच्या शाळेतले चौदा धडधाकट शिक्षक तू प्रयोगाला घेतलेस. त्यांना पोटाची तक्रार म्हणून माहीत नव्हती. चिकोरीच्या मुळाचा तो पोट साफ ठेवणारा तंतू घातलेली सहा-सहा बिस्किटं रोज पोटात गेली आणि तिसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्या स्टाफरूमची पोटं गुबारली. शंकर सरांनी आठवीचा भूमितीचा तास दारात उभं राहून घेतला. अपान हा पंचप्राणांतला एक, हे मी पंचवीस वर्षं गंभीर चेहऱ्याने शिकवत आले. यंदा माझ्याच पोटाने मध्येच पुष्टी दिली. संजीवनीबाईंनी तर विचारलंच, "पद्मजाताई, भावाने बिस्किटं दिलीत की पेटीचा भाता?" न्याय करायचा तर बबन सरांना सकाळी साफ होऊ लागलं. ज्यांनी गुपचूप तीनच खाल्ली, त्यांनाही काही झालं नाही. म्हणजे तंतू वाईट नाही रे, तुमचं माप वाईट आहे!

पण हे तुला कळणार कसं? रोज वहीत लिहायचं होतं: गुबारा, गुरगुर, कळ. चौदाही वह्यांत एकच उत्तर, 'काही त्रास नाही'. पाहुण्यांकडचं खारट पिठलं आपण 'छान झालंय' म्हणत संपवतो, तसंच. आणि तू शिकलासवरलेला माणूस, चौदा पोटं एका सुरात कशी बोलतात, असा प्रश्न तुला एकदाही पडू नये? डोकं फिरतं माझं.

खरं तर ते माझ्यावरच फिरलंय. तू कामाला होतास ते आनंदनगरातले दोन कारखाने पाठोपाठ बंद पडले, वर्षभर तू घरी बसलास, मग ही बिस्किट कंपनीतली नोकरी लागली. ती टिकावी म्हणून ते वाक्य मीच स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं. काल तू आनंदाने सांगितलंस की सोमवारी तेच वाक्य पाकिटावर छापायला जाणार, अहवालाखाली तुझी सही. म्हणून हे पत्र. सोबत चौदा जणांनी पुन्हा बसून, आठवून लिहिलेल्या खऱ्या वह्या आहेत. साहेबांना माझं नाव खुशाल सांग. नोकरीची भीती मला तुझ्याहून जास्त आहे, तरीही सांगते, या वाचल्याशिवाय सही करू नकोस.

तुझीच,
पद्मजाताई