गाजरांसाठी ऊन

१४ जानेवारी
‘कुरुनेगलाच्या सपाटीवर गाजर होत नाही’ हे वाक्य गुलामीचं आहे. काल मयत-मदत मंडळाच्या सभेत मी तसं ठणकावून सांगितलं. गाजर नुवारा एलियाच्या थंड डोंगरातूनच का यावं? एप्रिलात, नव्या वर्षाच्या ताटात, माझ्या परसातलं गाजर असेल! टाळ्या. अध्यक्ष पियरत्न म्हणाले, गुरुजी, आपलं मंडळ माणसं पुरतं. गाजरं पुरायची तर घटना बदलावी लागेल. लोक हसले. क्रांतीला आधी हसतातच.

५ फेब्रुवारी
ट्रेमधली रोपं बोटभर झाली. उपटून, भातासारखी ओळीने, चिखलात लावली. सोमलता मदतीला होती. लहानपणापासून भात लावत आलेली बायको; तिचा हात बघत राहावा. हसत होती.

१९ फेब्रुवारी
रोपं पिवळी. कारण सापडलं: फणसाची सावली. सोमलता जन्मली तेव्हा तिच्या वडिलांनी लावलेलं झाड. टंचाईच्या वर्षी सगळं घर त्याच्यावर जगलं, वगैरे. मान्य. पण सावली सरंजामी आहे. एक फांदी काढू, म्हटलं. ती म्हणाली, फांदी काढा. खोडाला कुऱ्हाड लागली तर मी बहिणीकडे जाईन, मग बोलवायला येऊ नका. वचन दिलं. मी वचनाचा पक्का आहे.

२ मार्च
गावात झाडं तोडणारा हीन बंडा फांदी तोडायला आला. चढण्याआधी हात जोडून झाडाला म्हणाला, वर कोणी राहत असाल तर दुसरीकडे जा, बाबांनो. अंधश्रद्धेवर त्याच्याशी थोडक्यात बोललो. त्याचं जेवण निवलं.
एक ठरली होती, चार तोडल्या. एक गेली की दुसरीची सावली दिसते. कापल्या जागी चीक थांबत नाही. वाफ्यावर पांढरे थेंब. सोमलता दारातून बघत होती. मग आत गेली. तिला पटलं असावं.

११ मार्च
रोपं सकाळी ताजी, दुपारी मेल्यासारखी. म्हणजे उन्हाची सवय नाही. सवय लावली पाहिजे. आणखी दोन फांद्या.
हीन बंडा म्हणतो, उरलेला सगळा भार स्वयंपाकघरावर आलाय. गुरुजी, झाड आता घराकडे बघतंय.

२३ मार्च
वाऱ्यात खोड कुरकुरतं. सोमलताने भांडी पुढच्या खोलीत आणून ठेवली. म्हटलं, तुझ्या जिवासाठीच झाड काढायला हवं. ती म्हणाली, आणि फांद्या कोणाच्या जिवासाठी काढल्या? प्रश्न अप्रस्तुत.
शिवाय वचन कुऱ्हाडीचं होतं. हीन बंडाकडे मशीनची करवत आहे.

२९ मार्च
झाड पडलं. आत पिवळंधमक, कुठे कीड नाही. मंडळाचे लोक आले. मयताला येतात तसे, हळू आवाजात. पियरत्नांना एखादा विनोद करायला सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला ते आवडलं नाही.
सोमलता साड्या पेटीत भरतेय. नव्या वर्षाची आवराआवर.

३० मार्च
पहिल्या बसने बहिणीकडे गेली. राग आठवडाभर टिकतो. परसात आता भरपूर ऊन आहे. घरातही.

१३ एप्रिल
गाजरं उपटली. पांढरट, करंगळीएवढी. कुणाला दोन पाय, कुणाला तीन. एक तर मांडी घालून बसलंय. लावताना मुळाचं टोक जिथे दुमडलं, तिथूनच फुटलंय. गाजर उपटून दुसरीकडे लावायचं नसतं म्हणे. म्हणजे सावलीचा काही संबंध नव्हता.
उलट सावलीच हवी होती, असंही वाटतं. ते लिहीत नाही.

१४ एप्रिल, सकाळी
नवं वर्ष. चूल पेटवायचा मुहूर्त लागला, घरोघरी फटाके. चूल घरच्या बाईने पेटवायची असते. फोन केला. बहिणीने उचलला. सोमलता आत्ता येऊ शकत नाही, म्हणाली. ती इथे चुलीपाशी आहे.
आमच्याकडे काडेपेटी कुठे ठेवतात, मला माहीत नाही.