कसायांच्या मुसक्या

३ तारीख, सोमवार
आजपासून चिडायचं नाही. बायकोने सांगितलंय, म्हणजे अपील नाही.
प्रयोग सुरू. काचेच्या दोन पेट्या, दोन्हींत उंदीर, दोन्हींत जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन. तो इतका झाला की फुफ्फुसं सुजतात आणि अंगातलीच एन्झाइम्स कसायासारखी सुटतात. पेशींना धरून ठेवणारी जाळी टराटरा फाडतात. डाव्या पेटीला माझं औषध. ते या कसायांच्या मुसक्या आवळणार. उजवीला नुसतं मिठाचं पाणी. त्या बिचाऱ्यांचं आटोपलं.
औषध चाललं नाही तर कमिटी ही लॅब शेजारच्या विभागातल्या टकलूला देणार. चालणारच.

५, बुधवार
टकलू दारातून म्हणाला, पडद्यांचं माप घेऊन ठेवू का? मी शांत. तो गेल्यावर उजव्या पेटीला लाथ घातली. हे चिडणं नव्हे, व्यायाम. काचेला बारीक तडा. चिकटपट्टी लावली. ऑक्सिजनचा काटा खाली आलाय. मीटर बिघडलं. त्यालाही एक ठेवून दिली.

८, शनिवार
डावीकडचे नाकातून गुलाबी फेस काढताहेत. एकाने दुसऱ्याचा कान खाल्ला. औषध लागू पडतंय, झटापट होणारच. उजवीकडचे मिशा साफ करत बसलेत. मरायचाही कंटाळा.
असिस्टंट म्हणाली, सर, पेटीतून हवा सुटतेय. म्हटलं, तुझं लक्ष सुटतंय.

१०, सोमवार
डावी पेटी खलास. कापून पाहिले. फुफ्फुसं कसली, रक्तात भिजलेली फडकी. चिमटा लावला की फाटतात. उजवीतला एक मारून कापला. फुफ्फुसं ठणठणीत.
निष्कर्ष: मिठाचं पाणी गुणकारी. माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा शोध.

१४, शुक्रवार
कमिटीपुढे मिठाचं पाणी मांडलं. त्यातल्या बाईंनी चिकटपट्टी सोलली, गाल लावला, म्हणाल्या, इथून तर वारा येतोय. उजवीकडच्यांना पुरेसा ऑक्सिजन मिळालाच नाही म्हणे, म्हणून जगले. पेटी तडकली कशी? म्हटलं, वयोमानाने. पेटी याच वर्षीची निघाली.
लॅब टकलूला. कमिटी अडाणी.

१५, शनिवार
टकलू माप घ्यायला आला. समजूत घातली. आधी तोंडाने, मग स्टुलाने. त्याचं कपाळ फुटलं, तरी पटेना. त्याने सिलिंडरचा पाना घेतला. पुढचं नीट आठवत नाही. कडकड आवाज झाला, तो माझ्यातून आला असावा.

१६, रविवार, हॉस्पिटल
बरगडी फुफ्फुसात घुसलीय. नर्सने ऑक्सिजनचा मास्क लावला. तिला एन्झाइम्सबद्दल सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, काका, बोलू नका, मास्क सरकतो. मीच सरकवतोय म्हटल्यावर तिने उजवा हात खाटेला बांधला. डाव्याने लिहितोय.
बायको आली. लॅबचं काय झालं, विचारलं. म्हटलं, टकलूचं कपाळ बघ, मग ठरव कोण हरलं. शिवाय हा ऑक्सिजन वाढला तर माझंही त्या डाव्या पेटीसारखं होईल, हेही समजावलं.
तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग नर्सला विचारलं, अजून थोडा वाढवता येईल का?