कल्हई नसलेल्या पातेल्यातली कढी

अहो,

घरात शिरलात की आधी चुलीजवळची कढी ओतून टाका. आईंना चाखू देऊ नका. तुम्ही घडवलेलं नवं तांब्याचं पातेलं कल्हईला द्यायचं राहिलं होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. कालची उरलेली कढी त्यांनी त्यातच ओतून ठेवली. सकाळी मी ती भाकरीवर घालून खंड्याला दिली. खाल्लं न खाल्लं तोच कुत्रं भडाभडा ओकलं, सगळं हिरवट. मग पातेल्यात पाहिलं, तर कढी तांब्यानं पार कळकून हिरवी झालेली.

खंड्याला पडवीत बांधलंय. नुसतं पाणी ठेवा, खायला घालू नका. आता शेपूट हलवतोय.

आई रामकुंडावर गेल्यात, त्यांना अजून काही ठाऊक नाही. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांना हल्ली कमी दिसतं. कल्हईचं मी तुम्हाला कितीदा म्हटलं होतं, तेही आता काढत नाही.

खरं ते लिहायला हात धजत नव्हता. खंड्याच्या आधी आपल्या चिमीनं तीच कढी भातावर खाल्ली. तिला घेऊन वैद्यांकडे निघालेय, तसेच धावत या. मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घातली, पण ती अजून ओकलेली नाही.

मालन